छायामहालीं दम धरिला त्याची हकीकत

श्री. हाडामांसाच्या भिंतीपलीकडे पाहणाऱ्या तेजास दंडवत. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ मासीं जें वर्तमान घडलें तें जैसें घडलें तैसें लिहिलें असे. कोणाची खुशामत नाहीं, कोणाची भीड नाहीं. ज्यास झोंबेल त्यानें चोळीत बसावें.

राज्य थोर. राज्यांत काळ्या दगडाची खाण मोठी, आणि रोगियांसाठीं आरोग्यवाडा मोठा, आणि त्या वाड्यांत क्ष-किरणांचा छायामहाल, त्याचे सुभेदार जानराव घोगरे. जानराव तरुणपणीं तालमीचे गडी, छाती नगाऱ्यासारखी, आवाज तोफेचा, आणि छायाविद्येंत ऐसे पारंगत कीं काळ्या फिल्मेचे जमान्यांत त्यांनीं काढिलेली छाया पाहून परराज्यींचे वैद्य मान डोलवीत. मग दरबारानें फिल्म मोडीत काढिली आणि नवें डिजिटल यंत्र आणिलें. जानरावांनींच भर दरबारीं त्याचा आग्रह धरिला, आणि मिशीस हात लावून बोलिले कीं, "या यंत्रांतून ऐसी छाया निघेल कीं शेजारचीं राज्यें पाहावयास येतील. न निघाली तर सुभेदारी खालीं ठेवितों." मग महाल नवा बांधिला, आणि सुभेदारांस रोगियाचे पाठीमागें शिशाच्या कांचेआड बसविलें, आणि हुकूम सांगावयास भोंगा दिला. येथवर सर्व थाटाचें जाहलें.

तों खाणींतून मंजाबाई आली. बाई दगड फोडणारी, फोडून फोडून हातांचें लाकूड जाहलेलें, आणि खोकला ऐसा कीं बोलतां बोलतां भिंत धरावी. संगें खाणीचे मक्तेदार धोंडोपंत आले, अंगास अत्तर, आणि म्हणाले, "ही खोकत नाहीं, खोकून दाखविते. काम नको म्हणून नाटक." मंजाबाई म्हणाली, "नाटक करायला दम लागतो, मालक. त्योच तर न्हाई." मग दरबारानें न्याय छायेवर सोंपविला: छातींत दगडाची धूळ दिसली तर बाई खाणींतून मोकळी, आणि मक्तेदारानें खाणींत पाणी मारून धूळ बसवावी, न दिसली तर बाई उद्यां पुन्हां खाणींत, आणि खोटारडी म्हणून नांव पडावें तें वेगळें. छाया वाचावयास राजवैद्या उमाबाई निरगुडे बसल्या.

पहिली छाया निघाली ती दाणेदार, वाळू फेंकल्यासारखी, आणि कडा पुसट. जानरावांस मोठी लाज वाटली. दाणे पडतात ते किरण थोडे पडिल्यानें, हें त्यांस पक्कें ठाऊक. म्हणोन त्यांनीं किरण वाढविले. आतां येथें रोखठोक लिहितों. फिल्मेच्या जमान्यांत किरण फार जाहले कीं छाया काळीठिक्कर पडे आणि काढणाराची चोरी उघडी होई. नवें यंत्र मोठें गोडबोलें. किरण फार जाहले तरी छाया सावरून गोरीगोमटी करून देतें, दरबार वाहवा करितो, आणि भाजतें तें गरिबाचें आंग. ऐसे सुभेदार गल्लोगल्लीं आहेत, आणि त्यांच्या दिवाणखान्यांत मानपत्रें लटकतात. जानरावही त्या दिवशीं त्याच वाटेस लागले. आणि किरण वाढवावयाचे तर वेळ वाढतो, वेळ वाढला तर हललेलें अधिक हलतें. दुसरी छाया निघाली तींत दाणे गेले, परंतु काळजाची कड दुहेरी, फासळ्या धुरकट, आणि फुफ्फुसें अर्धींच भरलेलीं, तळाशीं गोळा होऊन बसलेलीं.

धोंडोपंत हंसले आणि बोलिले, "सुभेदार, शेजारचीं राज्यें केव्हां येणार? कांहीं दिसत नाहीं, म्हणजे कांहीं नाहीं. ऊठ गे, चल खाणीवर." उमाबाई कडाडल्या, "कांहीं दिसत नाहीं आणि कांहीं नाहीं, या दोहोंत अंतर आहे, पंत. आणि जानराव, तुम्ही ऐका. आतां एकच छाया, तीही कमी किरणांत. ती बाई आहे, चांदमारीची भिंत नव्हे. एवढ्यानें न जमलें तर मी 'दोष आढळला नाहीं' ऐसें लिहून मोकळी होईन, आणि त्याचें पाप तुमचे माथीं."

सुभेदारी जाणार तें एक, परंतु बाई आपल्या हातें पुन्हां धुळींत जाणार हें जानरावांस सोसेना. मग त्यांनीं एकेक किल्ला तपासिला. किरणांचा भेदक जोर पाहिला, छातीस साजेसा होता. भटके किरण अडविणारी जाळी पाहिली, सरळ होती. किरण सोडणाऱ्या नळीचें अंतर मापिलें, बरोबर होतें. किरणांची खिडकी आवळून छातीपुरती केली. किरण झेलणारी पाटी पुसली. बाईची गळ्यांतली पोत काढविली आणि अंबाडा वर बांधविला, कारण केसांची सावलीही वैद्यास ठकविते. कोठें उणें सांपडेना. मग कांचेआड जाऊन भोंग्यांत तालमीच्या आवाजांत गरजले, "दम धरा!"

मंजाबाई पाटीस छाती लावून, पाठमोरी, निमूट उभी. जानरावांचें बोट कळीवर. तों बाई तशीच बोलिली, "धरलाय की, सुभेदार. मघापासनं दमच धरलाय. आनखी किती दम धरू? एवढी काय घाई हाय व्हय मला?"

जानरावांचें बोट जागींच थिजलें. भोंग्यांत विचारिलें, "बाई, दम धरा म्हणजे काय करितेस?"

"काय करनार? गप ऱ्हाते. वाट बगते. मालक बी ह्येच म्हनत्यात वर्सानुवर्सं. धूळ लई उडती म्हनलं की, दम धरा, बगू. पानी मारा म्हनलं की, दम धरा, बगू. तवाधरनं धरलाय."

"आणि श्वास?"

"श्वास काय, चालूच हाय! बंद पडला तर हितं कशाला आले असते?"

उमाबाईंनीं पदर तोंडास लाविला. जानराव मात्र हंसले नाहींत. त्यांस जुना महाल आठवला. तेथें त्यांची आडोशाची भिंत रोगियाच्या समोर असे. जानराव 'दम धरा' म्हणत आणि तालमींतल्यासारखी आपली छाती फुगवून धरीत, आणि रोगी त्यांस पाहून तैसेंच करी. कामास येत होती ती छाती, शब्द नव्हे. नव्या महालांत छाती पाठीमागें गेली आणि नुसता शब्द पुढें राहिला. आणि तालमीबाहेरच्या माणसानें त्याचा जो अर्थ घ्यावा तोच मंजाबाईनें घेतला होता.

मग जानराव कांचेआडून बाहेर आले, बाईस पाटीकडून आपल्याकडे वळवून समोर उभे ठाकले आणि म्हणाले, "मंजाबाई, शब्द सोड. माझ्याकडे पाहा." आणि नगाऱ्यासारखी छाती फुगविली आणि तोंड मिटून उभे राहिले. बाईनेंही भरली; खोकला आला, पुन्हां भरली. "आस्सं! आतां मी आंत जाऊन सांगेन, छाती भर, तोंड मीट, हलूं नको. सोड म्हणेन तेव्हां सोड." मग बाईस पुन्हां पाटीस लावून आंत गेले, किरण उतरविले, वेळ आंखूड केला, आणि सांगितलें, आणि कळ दाबिली, आणि म्हणाले, "सोड."

छाया पडद्यावर चढली. फासळ्या कोरल्यासारख्या, काळजाची कड एकेरी, फुफ्फुसें तळापर्यंत उघडीं, आणि वरच्या अंगास दोहीं बाजूंनीं बारीक बारीक ठिपके, खसखस सांडावी तैसे. धोंडोपंत ओरडले, "हें यंत्रानें रंगविलें! मघां नव्हतें, आतां कोठून आलें?"

तेव्हां जानराव दरबाराकडे वळून मान ताठ ठेवून बोलिले, "यंत्र तेंच, जाळी तीच, पाटी तीच, किरण मघांपेक्षां कमी. बदलला तो माझा शब्द. चूक यंत्राची नव्हे, बाईची नव्हे, माझ्या तोंडची. सुभेदारी घ्यावयाची तर घ्या. परंतु ही छाया खरी आहे, आणि ऐसी छाया या मुलखांत दुसरा कोणी काढूं शकत असेल तर त्यानें पुढें यावें." कोणी पुढें आला नाहीं. उमाबाई पडद्याजवळ गेल्या, फार वेळ पाहिलें, आणि म्हणाल्या, "दगडाची धूळ. शंका नाहीं. मंजाबाई, हें पुसून निघायचें नाहीं. पण आतां वाढूं द्यायचें नाहीं."

मंजाबाई पोत हातांत घेऊन पडद्यावरच्या आपल्याच छातीकडे पाहत राहिली. मग धोंडोपंतांस म्हणाली, "बगा मालक. खोटं न्हवते खोकत."

दरबारानें बाईस खाणींतून मोकळें केलें, खाणींत पाणी मारविलें, आणि बाकीचे खाणकरी छायेसाठीं बोलाविले. सुभेदारी जानरावांकडेच राहिली. कांचेआड जाण्याआधीं प्रत्येकासमोर उभे राहून छाती फुगवून दाखवूं लागले, त्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. एकंदर मतलब हा कीं छाया शुद्ध होते ती किरणांनीं, जाळीनें, पाटीनें, आणि सर्वांवर माणसास कळेल ऐशा बोलण्यानें. 'दम धरा' हे शब्द त्या दिवसापासून छायामहालांतून हद्दपार जाहले. दुसरे दिवशीं पाणी मारावयास उशीर जाहला, तेव्हां धोंडोपंतांनीं संवयीनें खाणीवर तेच शब्द उच्चारिले, तों मंजाबाईची हकीकत ऐकलेल्या सगळ्या खाणकऱ्यांनीं छाती भरून घेतली, आणि दम सोडिला तो "पानी मारा!" ओरडूनच. इति.