अंबूबाईच्या ओटीवरचं मोंबासा

म्हसा गावच्या जत्रेत मी एकदा देवाला नवस बोलले होते, "देवा, यांना मोंबासाची नोकरी लागू दे. मुहूर्ताशिवाय घरातली काडीसुद्धा हलवणार नाही." देवाने त्याचा शब्द पाळला. मी माझा पाळला आणि तिथेच घोटाळा झाला.

आमचे हे इथे शेणवे गावातल्या लाकडाच्या वखारीत कारकून. यांच्या मामेभावाची तिकडे आफ्रिकेत, मोंबासाला तशीच वखार. त्याने बोलावलं, आम्हा तिघांची बोटीची तिकिटं पाठवली. यांनी नोकरी सोडली, पँट शिवली. (जन्मातली पहिली. धोतरातल्या माणसाला पँट घातली की तो नुसता उभा राहतो, बसत नाही.) सगळं जमलं, पण बोट निघाली पौषातली!

पौषात कोणी घर सोडतं का? भटजी म्हणाले, "प्रस्थान ठेवा." म्हणजे मार्गशीर्षातच चांगली वेळ बघून, न्यायच्या सामानातलं काहीतरी शेजारी नेऊन ठेवायचं. आपण तेव्हाच निघालो असं देव धरतो. मग पाऊल कधीही उचला. अट एकच, ठेवलेली वस्तू पुन्हा घरात आणायची नाही.

"एक सुपारी ठेव," हे म्हणाले.

म्हणजे सुपारी मुहूर्तावर पोचणार आणि आम्ही पौषात! मी यांची पँट घेतली, देव घेतले आणि समोरच्या अंबूबाईच्या ओटीवर ठेवून आले. तिकिटं पँटच्या खिशातच राहू दिली. (पंच्याला खिसा नसतो.)

परत आले तर तवा दिसला. तव्याने काय पाप केलं होतं? तो का पौषात जाणार? तवा पोचवला, तर पोळपाट एकटा पडला. तेवढ्यात आमची चिमी ओरडली, "आई, पाटा न्यायचा?"

"अहो, मोंबासाला पाटा मिळतो का?"

"मला काय ठाऊक!"

"मग घे गं, चिमे."

"अगं, बोट आहे ती, बैलगाडी नव्हे! काय न्यायचं ते ठरवायला अजून आठ दिवस आहेत."

"आहेत ना. पण ते पौषातले."

यावर हे काही बोलले नाहीत. (यांचं न बोलणं मी होकार धरते. संसार त्याशिवाय होत नाही.) दिवेलागणीपर्यंत यांची धोतरं, डबे, गोधड्या, पाळणा, छत्री, सगळं रस्ता ओलांडून गेलं. घरात चूल, केरसुणी आणि हे उरले.

अंबूबाई म्हणजे महिपत लोहाराची बायको. मनाची मोठी. "ठेव गो, आठ दिसांचा तर प्रश्न," म्हणाली.

आणि बोट लांबली. नवी तारीख तारेने कळणार होती.

आता तवा तिकडे, म्हणून भाकरी अंबूबाईच्या चुलीवर. पाटा तिकडे, म्हणून चटणीही तिकडेच. देव तिकडे, म्हणून पहाटेची माझी घंटाही तिच्याच उशाशी. (वापरायला हरकत नव्हती, आणायला होती.) झोपायला तेवढं आम्ही आमच्या घरी, उघड्या जमिनीवर. सगळ्यांत हाल यांचे. ठाण्याला बोटीची चौकशी करायची तर हे पंच्यात रस्ता ओलांडत, महिपतच्या भात्याआड पँट चढवत, आणि संध्याकाळी ती तिथेच उतरवून पंच्यात घरी येत.

"कुठं चाललात, भाऊ?" वाटेवरचे विचारत.

"पँट घालायला."

महिपत भाता ओढत हसे. "भाऊ, तुमची आफ्रिका माज्या भात्यामागंच निघाली की!"

हळूहळू अंबूबाई बोलेनाशी झाली. एकदा आमच्या पाट्याला ठेचकाळली, अंगठा धरून मटकन बसली आणि म्हणाली, "तुमी जानार कवा गो?"

"बोट सुटली की लगेच."

"सुटंल ना ती?"

"देवाच्या मनात असेल तेव्हा."

"मंग आता देवालाच सांगते."

पौषी पौर्णिमेला अंबूबाई आणि महिपत पहाटेच ओटीवरचं आमचं सगळं आत सारून, दाराला कुलूप ठोकून, गाडी जुंपून म्हशाच्या जत्रेला गेले. दुपारी तार आली. बोट उद्या!

तिकिटं पँटमध्ये, पँट घरात, घर कुलपात. कुलूप महिपतने स्वतः घडवलेलं. यांनी त्यावर दगड घातला. दगड फुटला. गावात कुलूप तोडणारा माणूस एकच, तो जत्रेला. मग यांनी शिडी आणली. "कौलं काढून उतरतो."

शिडी मी घट्ट धरली. (वर चढू देण्यासाठी नव्हे.)

"अहो, ज्या घरात प्रस्थान ठेवलं, त्याचीच कौलं भर पौर्णिमेला काढायची? वाटेत बोट बुडेल! सायकलवरून माणूस धाडू, सकाळपर्यंत किल्ली येईल. देव आहे."

देव होता, पण त्याच्या जत्रेला अख्खा तालुका लोटला होता. त्या गर्दीत सायकलवाल्याला अंबूबाई सापडली नाही. दुसरा दिवस कलला तेव्हा हे रिकाम्या घरात पंचा सावरून बसले होते, समोरच्या कुलपाकडे बघत.

"चहा?" मी विचारलं.

"कुठला? पातेलं मोंबासाला गेलंय."

मी पदर डोळ्यांना लावला. पदर तेवढा अंगावर होता.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. अंबूबाई उडी मारूनच उतरली. "पावला का गो देव? कोंबडा बोलले त्याला! म्हटलं, 'देवा, हिची बोट एकदाची सुटू दे!' सुटली का?"

"सुटली," हे म्हणाले.

मामेभावाने दुसरा माणूस ठेवला. हे पुन्हा इथल्या वखारीत लागले. आम्ही निघालो आहोत पण पोचलो नाही, तेव्हा प्रस्थान परत आणता येत नाही. त्यामुळे हे रोज सकाळी पंच्यात रस्ता ओलांडतात. तरी मी आशा सोडलेली नाही. पुढच्या जत्रेत नवा नवस बोलणार आहे आणि या खेपेला शब्द जपून, "बोट सुटू दे" नव्हे, "बोट मिळू दे." एकटीचा नवस कमी पडतो असं दिसतं. अंबूबाईने दुसरा कोंबडा कबूल केलाच आहे. बायांनो, तुम्हीही एकेक बोला.