आवाजबंद खोलीतली रॉकबिली

"रॉकबिली ना? थोडंफार मीही वाजवतो," असं कानवाले बोलून गेले आणि पुढचे सहा आठवडे त्या एका वाक्याची हमाली करत बसले.

कानवाले म्हणजे सरकारी इस्पितळातले श्रवण तपासनीस. नाव कोणाच्या लक्षात राहत नसे, म्हणून सगळे कानवालेच म्हणायचे. सव्वीस वर्षं लोकांच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि "आवाज आला की बटण दाबा" हे दिवसातून चाळीस वेळा सांगायचं. तेही ओरडून, कारण समोरच्याला ऐकू येत नाही म्हणून तर तो आलेला. घरी पोचेपर्यंत या माणसात बोलण्याचं त्राणच उरत नसे. असा माणूस कधी बढाई मारेल, असं बायकोच्या स्वप्नातही आलं नसतं.

झालं असं, की लेकीचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही घरी आले. हे गृहस्थ तरुणपणी रॉकबिलीच्या, म्हणजे जुन्या नाचऱ्या अमेरिकी गाण्यांच्या, एका बँडमध्ये उभा बास वाजवायचे. माणसाएवढं उंच, व्हायोलिनच्या थोरल्या भावासारखं वाद्य असतं ना, तारांना थपडा मारत वाजवतात ते. साठी उलटली तरी कपाळावरचा केसांचा कोंबडा शाबूत होता. दोन तास ते एकटे बोलत होते आणि कानवाले आपल्या बशीकडे बघत होते. लेक समोर बसून डोळ्यांनी विनवत होती, बाबा, काहीतरी बोला हो. बापाला ते बघवेना, आणि ते वाक्य तोंडातून निसटलं.

व्याह्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं वाकून ते वाक्य त्यांना पुन्हा मोठ्यानं सांगितलं, जशी आनंदाची बातमी सांगतात तसं.

"असं म्हणता?" व्याही उठूनच उभे राहिले. "मग ठरलं. लग्नाच्या मेजवानीत आपण दोघं बाप वाजवणार."

"बाबा, तुम्ही कधी बोललाच नाहीत," लेक म्हणाली आणि तिनं सगळ्यांदेखत बापाच्या गळ्यात हात टाकले. तिनं इतक्या अभिमानानं आपल्याकडे याआधी कधी पाहिलं होतं, हे कानवाल्यांना काही केल्या आठवेना. आता खरं सांगायचं तरी कुठल्या तोंडानं.

पाहुणे गेल्यावर बायकोनं भांडी आवरता आवरता विचारलं, "अहो, तुम्हाला साधी शिट्टी तरी वाजवता येते का?"

"शिकेन."

"सहा आठवड्यांत?"

"सहा आठवड्यांत मोडलेलं हाड जुळतं," कानवाले म्हणाले.

हाड जुळणं सोपं असतं हो. तिथं आपल्याला काही करावं लागत नाही. कानवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी गिटार विकत आणली, पण रॉकबिली गिटारीचं तसं नाही. अंगठ्यानं जाड तारांवर धुम-टक, धुम-टक असा ठेका एकसारखा चालू ठेवायचा, आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर सूर वाजवायचा. म्हणजे एकाच हातात दोन माणसं नोकरीला ठेवायची आणि त्यांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. कानवाल्यांच्या हातातली दोन माणसं पहिल्या दिवसापासून भांडायला लागली. बोटं हलली की अंगठा थांबायचा, अंगठा सुरू केला की बोटं संपावर जायची. मोबाइलवर धडे देणारा शिक्षक हसत हसत म्हणायचा, "अंगठ्याला विसरून जा." कानवाले विसरायचे. अंगठाही त्यांना विसरायचा.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई वर आली. उंबऱ्यात पाय अडकावा तशी दारात थबकून म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे सुतारकाम किती दिवस चालणार आहे, तेवढं सांगा. माझ्या हातून टाके चुकतायत." त्या दिवसापासून गिटार घराबाहेर गेली.

कानवाल्यांनी डोकं लढवलं. इस्पितळात त्यांच्या ताब्यात एक खोली होती, कान तपासायची. आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. जाड दार, भिंतींना स्पंज, एक स्टूल. जेवणाच्या सुट्टीत, दीड ते दोन, ती रिकामीच असायची. सगळ्या शहरात याहून चांगली जागा मिळाली नसती. डबा दहा मिनिटांत उरकायचा, गिटार घेऊन आत जायचं, दार लावून घ्यायचं. आत शिरल्यावर त्यांना कित्येक वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. ते मोकळेपणी चुकायला लागले, आणि मोठमोठ्यानं अंगठ्याशी बोलायलाही लागले.

एक गोष्ट मात्र ते साफ विसरले. पाच महिन्यांपूर्वी बाहेरच्या हॉलमधला माइक बिघडला होता. नवा येईपर्यंत सोय म्हणून खोलीतल्या माइकची तार हॉलच्या स्पीकरला जोडली होती, तीही खुद्द कानवाल्यांनीच. सिस्टर दारातून डोकं आत घालून नंबर पुकारायची आणि तपासणी सुरू झाली की टेबलाखालचं बटण बंद करायची. जेवायला जाताना बटण चालूच राहायचं. आणि हॉलमध्ये बसणारी मंडळी सगळी कमी ऐकणारी, म्हणून स्पीकरचा आवाज ठेवलेला पूर्ण वर.

हॉलमधल्या लोकांना पहिल्या दिवशी वाटलं, तपासणी सुरू झाली. आवाज आला की प्रत्येकानं हात वर करायला सुरुवात केली. एक माजी पोस्टमन तर "मला नीट ऐकू येतंय, मग यंत्र कशाला" म्हणून नंबर न लावताच घरी गेला.

वरच्या मजल्यावर हृदयविभाग होता. तिथल्या डॉक्टरांनी एका बाईच्या छातीला नळी लावली आणि त्यांना धुम-टक, धुम-टक ऐकू आलं. मध्येच दोन ठोके गाळले गेले, मग तीन एकदम आले. त्यांनी बाईला ताबडतोब झोपवलं. पुढच्या रुग्णाचंही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी नळी स्वतःच्या छातीला लावली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

अधीक्षकांनी कानवाल्यांना बोलावून घेतलं.

"इमारतीत कसले तरी दणके बसतायत. दुपारी. आवाज मोजायचं यंत्र फक्त तुमच्याकडे आहे. शोध लावा."

"लावतो साहेब," कानवाले म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. इस्पितळात असा गोंगाट करणारा माणूस म्हणजे कमालच झाली.

त्यांनी कामात कुचराई केली नाही. तीन दिवस सराव बाजूला ठेवून दीड ते दोन यंत्र हातात धरून हॉलमध्ये उभे राहिले. कुठंही काही नाही. जिन्यात उभे राहिले, गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला कान लावला. शांतता. चौथ्या दिवशी त्यांनी अहवाल दिला, की सदर आवाज आढळला नाही, आणि वाया गेलेल्या तीन दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट जोरात सरावाला बसले.

"अहो, आज तर छतावरचा पंखा हलत होता," अधीक्षक दुसऱ्या दिवशी म्हणाले. "तुम्ही उभे असता तेव्हाच आवाज बंद कसा होतो?"

"मला बघून घाबरत असेल साहेब."

"कोण?"

"जो कोण असेल तो," कानवाले म्हणाले. त्यांचं अंग दुखत होतं, बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडले होते, वर हा चोर पकडायचं काम. लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि आठव्या मात्रेच्या पुढं गाडी जात नव्हती.

त्याच आठवड्यात लेक त्यांना कोटाचं माप द्यायला न्यायला आली. दीड वाजला होता. ती हॉलमध्ये बाकावर टेकली. शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बस गं. आता सुरू होईल. हल्ली जरा सुधारलाय मेला."

आणि स्पीकरमधून धुम-टक सुरू झालं. आठ मात्रा झाल्या, गडबड झाली, आणि मग तिच्या बापाचा आवाज हॉलभर घुमला.

"अरे अंगठ्या, दमलो रे मी. तुझ्या पाया पडतो. माझं काय, माझं हसं झालं तर झालं. पण त्या पोरीनं सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझे बाबा वाजवतात म्हणून. तिची मान खाली घालायला लावू नकोस."

दोन वाजता कानवाले दार उघडून बाहेर आले, तर लेक उभी. तिचे डोळे लाल झाले होते. हॉलमधली सगळी मंडळी त्यांच्याकडे बघत होती, रोजच्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

"बाबा, हा आवाज रोज बाहेर येतो," लेक म्हणाली.

कानवाल्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग तारेकडे, मग हातातल्या गिटारीकडे. ते तिथंच बाकावर बसले.

"वाजवता येत नाही हे मला का नाही सांगितलंत?"

"तू केवढी खूश झालीस गं. मला नाही सांगवलं." मग हळूच म्हणाले, "माझं बोट मोडलं म्हणून सांगतो त्यांना."

"त्यांनी पत्रिकेवर छापलंय बाबा. 'दोन वडिलांचं वादन' म्हणून. तिकडचे दोनशे पाहुणे येणार आहेत." तिनं डोळे पुसले आणि तिला हसूही आलं. "आठ मात्रा येतात ना? त्याच परत परत वाजवा. मी पहिल्या रांगेत बसते."

अधीक्षकांना त्यांनी दुसरा अहवाल दिला. त्यात 'आवाजाचा उगम सापडला असून तो दहा दिवसांत आपोआप बंद होईल' एवढंच लिहिलं.

मेजवानीचा दिवस उजाडला. दुपारी जेवणं झाल्यावर व्याही कोंबडा नीट करून मंचावर आले, बास उभा केला आणि थपडा मारायला लागले. सभागृह डोलायला लागलं. कानवाल्यांनी मनातल्या मनात अंगठ्याला शेवटचं विनवलं आणि सुरुवात केली. आठ मात्रा झाल्या. त्या चांगल्या झाल्या. परत आठ मात्रा घ्यायच्या म्हणून त्यांनी हात उचलला आणि हात लाकडासारखा ताठ झाला. अंगठाही गेला, बोटंही गेली. गिटार बंद. पहिल्या रांगेत लेकीनं ओठ घट्ट मिटून घेतले. कानवाल्यांना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

व्याही मात्र डोळे मिटून थपडा मारतच होते. मग त्यांनी डोळे उघडले, हलत नसलेल्या त्या हाताकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "वा व्याहीबुवा, काय हात आहे तुमचा!"

कानवाले चमकले. भीती एकदम बाजूला सरली आणि सव्वीस वर्षांची नोकरी जागी झाली. ते व्याह्यांच्या उजव्या बाजूला सरकले आणि साध्या आवाजात म्हणाले, "थांबायचं का?" काही नाही. जरा मोठ्यानं म्हणाले, "तुमच्या कोटाला आग लागली आहे." व्याही ठेक्यात मान डोलवत राहिले. उजवा कान पार गेलेला, डावा निम्मा, कानवाल्यांनी यंत्राशिवाय निदान केलं. इतक्या भेटी झाल्या, पण माणसाचा धाकच असा बसला होता, की त्याच्या कानांकडे बघायचं सुचलंच नाही.

मग पुढची तीन मिनिटं ते निवांत वाजवत होते. म्हणजे तारांना न शिवता त्यांच्यावरून हात फिरवत होते, मध्ये मध्ये खांदाही उडवत होते. बासाच्या दणक्यात मागच्या रांगांना काही कळलं नाही. पुढच्यांना कळलं, पण लेक टाळ्या वाजवत उभी राहिली म्हटल्यावर तेही उभे राहिले.

खाली उतरल्यावर व्याह्यांनी त्यांना कडकडून मिठी मारली. "चाळीस वर्षांत असा साथीदार मिळाला नाही हो मला. आता दर रविवारी आमच्याकडे." कानवाल्यांना आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. ना घरी, ना इस्पितळात.

तेवढ्यात जावयांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाबांना अजिबात ऐकू येत नाही हो. आमच्या कोणाला दाद देत नाहीत, पण तुमचा शब्द मोडणार नाहीत. या आठवड्यातच तपासून यंत्र बसवून टाकता का?"

कानवाल्यांनी समोर पाहिलं. व्याही पाहुण्यांना हात हलवून हलवून कानवाल्यांच्या बोटांबद्दल सांगत होते.

"बसवू की," ते म्हणाले. "पण कानांच्या बाबतीत एवढी घाई बरी नव्हे."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.