टबातली गाठ

पाच दिवस घरात कुणीही टबात आंघोळ केली नव्हती, कारण टबात ब्रायरची गाठ होती.

ब्रायर हे डोंगरउतारावरचं झुडूप. त्याच्या मुळाशी पन्नास-साठ वर्षांत एक गाठ वाढते आणि तिचं लाकूड इतकं चिवट असतं, की त्याच्या पाइपातला तंबाखू जळतो, पण लाकूड सहजी जळत नाही. म्हणून पाइप बनवणारे तिच्यासाठी जीव टाकतात. खणून काढलेली गाठ मात्र कापून उकळेपर्यंत ओलीच ठेवावी लागते. एकदम वाळली, की तडकली.

गाठी खणणारा म्हातारा, ज्याला सगळे मुळवाला म्हणत, याबाबतीत फार कडक होता. या घरातल्या पाइपवाल्याला त्याने टरबुजाएवढी गाठ परीक्षेसाठी दिली होती. "बुधवारी चारला करवत घेऊन येतो. गाठ धड असली तर दरवर्षी माल. नाहीतर तुमची-माझी ओळख नाही."

बुधवारी साडेतीनला पाइपवाला बाहेरून आला, दारात बूट काढायला वाकला आणि आतून बार उडाल्यासारखा आवाज झाला.

टब घासूनपुसून लख्ख होता. हॉलमध्ये हीटरसमोर, टॉवेलवर गाठ बसली होती. मधोमध बोटभर फाकलेली.

"आई! हे काय केलंत?"

"अगं बाई, केवढी दचकले मी!" सासूबाईंचा हात छातीवर. "जावईबापू, लाकूड कुजायला आलं होतं हो. म्हणून सकाळपासून जरा ऊब देत होते."

पाइपवाला मटकन खाली बसला.

"बसताय काय? तो येईल आता!" बायको ओरडली. "आवळा काहीतरी तिला!"

हाताशी दुसरं काहीच नव्हतं. पाइपवाल्याने कमरेचा पट्टा काढून गाठीला करकचून बांधला, तिला टबात ठेवलं आणि वर ओलं पोतं टाकलं. तेवढ्यात बेल वाजली.

मुळवाला थेट बाथरूममध्ये गेला. एका हाताने पँट धरून पाइपवाला त्याच्या मागे. पोतं उचललं गेलं.

"हे काय? पट्टा?"

"ओलावा टिकतो त्याने," पाइपवाला म्हणाला.

"चाळीस वर्षं गाठी खणतोय मी. पट्टा घातलेली पहिलीच." मुळवाल्याने बक्कल सोडलं. गाठीची दोन शकलं झाली. ती सावरायला पाइपवाल्याने दोन्ही हात पुढे केले आणि त्याची पँट घोट्यापर्यंत आली.

तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. गाठीच्या पोटात लिंबाएवढा दगड होता आणि त्याच्याभोवती काळी कुजलेली पोकळी. मुळवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही मी स्वतः निवडली," तो पुटपुटला. "ठोकून, कान लावून! करवत घातली असती तर पात्याचे दात गेले असते." त्याने उठून बाथरूमचं दार आतून लावलं. "हे बाहेर कळलं तर माझ्या कानावर कोण विश्वास ठेवेल? कुणाला बोलू नका. दरवर्षी पहिला माल तुमचा."

"म्हटलंच होतं मी, लाकूड कुजायला आलंय! म्हणजे मी बरोबरच केलं की!" दाराबाहेरून सासूबाई म्हणाल्या.

"हो आई," पाइपवाला पँट वर ओढत म्हणाला.

पुढच्या हंगामात मुळवाला पाच गाठी घेऊन आला. एकेक ठोकली, कान लावला, मान डोलावली. मग टोपी काढून हळूच विचारलं, "तुमच्या सासूबाई आहेत का घरात? एकदा त्यांच्या नजरेखालून गेलेल्या बऱ्या."