बाबाजींचं पान

"काका, तुम्ही करुणाचेच कशावरून?"

भर सभागृहात उभं राहून हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. नववीतल्या दर्शनाला तेवढंच निमित्त हवं होतं. आठवडाभर ती आतल्या आत करपत होती.

आपलं मूळ शोधत मॉरिशसहून आलेले पंचावन्न वर्षांचे प्रमोद बाबाजी रत्नागिरीत थेट करुणाच्या घरी उतरले होते. त्यांचा पूर्वज बाबाजी पालीहून आगबोटीने उसाच्या मळ्यांवर गेला. तिथल्या कारकुनाने गड्याचं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या साऱ्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. करुणाचं घराणंही पालीचं, त्यांच्यातही एक बाबाजी होऊन गेलेला. झालं, जमलं नातं! पाहुणा चॉकलेटं घेऊन आल्यावर जास्त चौकशी कोण करतो?

तेव्हापासून करुणाच्या दप्तराला डोडो पक्ष्याचं किचेन लटकत होतं. वर्गात करुणाच्या आधी ते शिरायचं.

"आमचे फॉरेनचे काका," करुणा म्हणायची.

"आमचे मुंबईचे काकासुद्धा गणपतीलाच येतात," दर्शना पुटपुटायची.

आज शाळेत काकांचा सत्कार होता. शेजारच्या खुर्चीत करुणा, पायावर पाय टाकून.

प्रश्न ऐकून काका खूश झाले. त्यांनी खिशातून जुन्या नोंदीची नक्कल काढली आणि तुटक मराठीत वाचली, "बाबाजी. बापाचा नाव सदू. गाव पाली."

"सदू?" दर्शना किंचाळलीच. "करुणा, तुमच्या बाबाजींच्या बापाचं नाव काय गो?"

"काशीराम," करुणा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

दर्शनाचं घराणंही मूळचं पालीचंच, आणि तिच्या घरी दर सर्वपित्रीला एक जास्तीचं पान वाढत. 'सदूचा बाबाजी, दर्यापार गेला तो आला नाही,' असं म्हणत बाबा पानाभोवती पाणी फिरवत. त्या पानावरचा वडा आपल्याला मिळत नाही म्हणून लहानपणी ती त्या बाबाजीवरही जळली होती. हे सगळं तिने वड्यासकट सांगितलं.

काकांचे डोळे भरले. "इतकी वर्षं... जेवण ठेवला?"

करुणाची खुर्ची आपोआप रिकामी झाली. दर्शना तिच्यात बसली, पायावर पाय टाकून.

तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण इतिहासाच्या बाईंना हुरूप आला. त्यांनी दर्शनाच्या बाबांना फोन लावला, फळा मागवला, वंशावळ मांडली. मॉरिशसकडे सगळ्यांची लग्नं विशीत, इकडे दोघातिघांची चाळिशीत. बाबाजींपासून काका सहाव्या पिढीतले, बाबाजींच्या धाकट्या भावापासून दर्शना चौथ्या पिढीतली.

"म्हणजे नात्याने," बाई खडू नाचवत म्हणाल्या, "दर्शना तुमची चुलत आजी!"

काका उठले, कोट सावरला आणि सगळ्या शाळेदेखत वाकून दर्शनाच्या पायांना हात लावला. "आजी, आशीर्वाद द्या."

दुसऱ्या दिवसापासून दर्शनाला जगणं नकोसं झालं. "आजी, कवळी विसरलात!" "आजी, अडकित्ता देऊ?" एसटीत कंडक्टर कोपऱ्यातून ओरडला, "म्हाताऱ्या माणसाला जागा द्या रे!" सगळ्यांत पुढे करुणा. आणि किचेन अजून तिच्याकडेच! दिलेली भेट परत कशी मागणार?

घरीही तेच. मुक्काम हलवून आलेले काका, आजीने पहिला घास घेतल्याशिवाय जेवायचे नाहीत. बाबांना त्यांनी 'पणजोबा' म्हटल्यापासून बाबा तासातासाने आरशात केस बघत होते.

निघायच्या दिवशी काकांनी जाहीर केलं, "आजीने शोधला, तर आजीनेच मॉरिशसला यायचा. सोबत एक माणूस. तिकिटं मी पाठवतो."

त्यांची रिक्षा वळणावर दिसेनाशी होताच आई म्हणाली, "पोरीबरोबर आईच हवी."

"माझ्या घराण्याचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

दर्शनाने घसा खाकरला. आजी झाल्यापासून तिला ते छान जमू लागलं होतं. "आई, बाबा, मी ठरवलंय. माझ्याबरोबर करुणा येईल."

"करुणा?" आई बघतच राहिली. "अगो, तिचं नाव काढलं तरी तुझा जळफळाट होतो!"

"म्हणूनच तर. मी तिकडे मिरवणार, तेव्हा जळायला ओळखीचं कुणीतरी नको?"