काहीही न घडल्याची चौकशी

जहाजावर कप्तानाचा शब्द अखेरचा असतो. संशोधन जहाजावर तर तो इतका अखेरचा असतो, की आधी बाकी सगळ्यांचे बोलून व्हावे लागते. कुठे जायचे हे शास्त्रज्ञ ठरवतात, कधी जायचे हे कार्यालय आणि काय खायचे हे आचारी. उरलेल्या सर्व बाबतींत कप्तान सर्वाधिकारी. (उरलेली बाब: सही.)

आमच्या कप्तानांनी हे पद एकोणीस वर्षे निमूटपणे भूषवले. मग एका सकाळी हवेचा दाब भराभर उतरू लागला. समुद्रतळाशी चार महिने ठेवलेले यंत्र वर ओढायला सहा तास लागणार होते.

"यंत्र राहू द्या," कप्तान म्हणाले. "बंदराकडे वळतोय."

मुख्य शास्त्रज्ञबाईंचा चेहरा उतरला. "चार वर्षांचं काम आहे हो माझं! आणि आभाळ बघा, किती निरभ्र आहे."

"म्हणूनच आत्ता वळतोय, बाई. बिघडल्यावर वळता येत नाही."

चाळीसही माणसे सुखरूप धक्क्यावर उतरली. बाई रडत होत्या. कप्तानांना त्यांच्याकडे बघवेना. तासाभरात वादळ आले. यंत्र समुद्राने ठेवून घेतले.

त्याच पाण्यात दुसरे एक जहाज मात्र आपले यंत्र वर काढायला थांबले होते. ते तिसऱ्या दिवशी परतले: डोलकाठी नाही, दोन खलाशी कमी, यंत्र शाबूत. त्याच्या कप्तानाचा जाहीर सत्कार झाला. आमच्या कप्तानांची चौकशी लागली.

समिती तिघांची होती. (पैकी एकांना झोपाळ्यावरही मळमळते.)

"वादळ एवढं भयंकर होतं, तर तुम्हाला काहीच कसं झालं नाही?"

"कारण मी तिथे नव्हतो."

नोंद झाली: 'घटनास्थळी गैरहजर.'

दुसऱ्या जहाजाची मोडतोड हा त्या कप्तानाच्या शौर्याचा पुरावा ठरला, वादळाचा नव्हे. बाईंनी आपणहून लिहून दिले, 'यंत्राचं दुःख आहे. पण ते करायला मी जिवंत आहे.' (भावनिक म्हणून वगळले.) निष्कर्ष: जहाजावर ओरखडा नाही, माणूस एकही ओला नाही, सबब धोका सिद्ध होत नाही. कप्तानांची बदली गोदीवरच्या खिडकी नसलेल्या खोलीत झाली.

"बरं झालं," बायको म्हणाली, "निदान घरी जेवाल तरी." आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

समितीला हसू नका. एवढे वाचलेत, आणि वादळाचे वर्णन एका वाक्यात उरकले म्हणून तुम्हीही मघाशी जरा हिरमुसलातच की.