शमुवेलबाबांचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, एकही झाड नव्हतं. हसू नका. कागदावर ते जंगलच होतं आणि तिथल्या राजाचा कागदावर फार विश्वास होता.

झाडं गेली तशी जनावरंही निघाली. मोठी कुठे गेली ते मला विचारू नका, मला सांगवत नाही. लहानसहान होती ती गावाबाहेरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत येऊन राहिली. तिथे पडकी भिंत होती, वाकडेतिकडे चाफे होते आणि पणजोबांच्याही आधीच्या कबरी होत्या. कबरींच्या दगडांवर दगडफूल चढलं होतं. हो, तेच, तुमच्या आईच्या गोड्या मसाल्यात असतं ते. मधे तेरडा, आघाडा, टाकळा, आणि गवत तर कमरेएवढं.

राखणदार होते शमुवेलबाबा. सकाळी फाटक उघडायचं, चाफ्याखाली बाज टाकायची आणि संध्याकाळी फाटक लावायला उठायचं, हा त्यांचा कामाचा शिरस्ता. गवताला विळा लागायचा तो वर्षातून एकदा, मृतांच्या दिवसाआधी, कारण त्या दिवशी घरची माणसं मेणबत्त्या लावायला यायची. एरवी कोणी काही बोललंच तर बाबा म्हणायचे, "इथे सगळेच झोपलेत. मी एकटाच जागा राहिलो तर बरं दिसेल का?"

बाबांच्या त्या झोपेवर सगळ्यांचे संसार चालले होते. मुंगूसरावांचं बीळ पहिल्या चाफ्याशी होतं. घोरपडमावशी भिंतीच्या भगदाडात राहायच्या. आणि टिटवीने सातव्या रांगेत एका आडव्या कबरीवर चार अंडी घातली होती. टिटवी घरटं विणत बसत नाही. चार खडे गोळा केले की झालं तिचं घर. कबर होती रूथआजींची. 'येथे शांत निजल्या आहेत' असं वर कोरलेलं होतं. टिटवीला शेजार पसंत पडला.

आता काहींना सुख बोचतं. त्याला कोण काय करणार?

एके दिवशी मुंगूसराव म्हणाले, "आपण बाबांचा जाहीर सत्कार केला पाहिजे."

"कशाबद्दल?" घोरपडमावशींनी विचारलं.

"निसर्गसंवर्धनाबद्दल. इतकी वर्षं हा माणूस इथलं एक पान तोडत नाही."

"तो झोपलेला असतो."

"तेच म्हणतोय मी. कसलीही अपेक्षा न ठेवता."

घोरपडमावशींना ते पटलं. त्यातून त्यांना सत्काराचं सचिवपद मिळालं, मग तर काय, त्या एकदा चिकटल्या की सोडत नाहीत.

टिटवी एकटी म्हणाली, "सत्कार नको. निदान बारा दिवस थांबा. माझी पिल्लं बाहेर पडू देत."

पण टिटवी गाईवर ओरडते, ढगावर ओरडते, काही नसलं तर उगीचच ओरडते. तिचं कोण ऐकणार? "तुला कशाचंच कौतुक नाही," मुंगूसराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सत्कार झाला. स्वतः वनमंत्री आले. मंत्री मुंगसाच्या बोलावण्याला कसे आले, असं तो मागचा शहाणा विचारतोय. अरे, हार आणि भाषण असलं की मंत्री बोलावणारा कोण ते बघत नाहीत. मंत्र्यांनी बाबांना शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "बाबांनी रक्ताचं पाणी करून हे नंदनवन फुलवलं."

शमुवेलबाबांचे डोळे भरून आले. त्यांना जन्मात कोणी असं म्हटलं नव्हतं. त्यांची बायको मार्था तिथेच तिसऱ्या रांगेत होती. जिवंत होती तोवर ती रोज म्हणायची, "अहो, कधीतरी काहीतरी करा." मंडळी पांगल्यावर बाबा शाल पांघरून तिच्या कबरीशी गेले. "मार्था," ते म्हणाले, "उद्यापासून करतो."

आणि केलं की. हीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी बाज भिंतीला उभी होती आणि बाबा विळ्याला धार लावत होते. रोज एक रांग. पहिल्या दिवशी तेरडा गेला. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने दगडफूल खरवडलं गेलं. तिसऱ्या दिवशी मुंगूसरावांच्या बिळात दगड ठोकून बसवला.

"बाबा, तुमचा सत्कार आम्हीच केला," मुंगूसराव रडकुंडीला आले.

"म्हणून तर करतोय रे, बाळा," बाबा प्रेमाने म्हणाले.

टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालून घसा सुकेपर्यंत ओरडली. बाबा म्हणाले, "सगळं साफ झालं की तुलाही बरं वाटेल हो." सहाव्या संध्याकाळी सहा रांगा लख्ख झाल्या होत्या. सकाळी सातवी. अंड्यांना अजून तीन दिवस हवे होते. टिटवी अंधार पडेपर्यंत अंड्यांवर बसून राहिली.

मग ती उठली, मुंगूसरावांकडे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"भाऊ, एक समिती काढा."

मुंगूसरावांचा चेहरा उजळला. बीळ गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले. "कसली?"

"दफनभूमी विकास समिती. अध्यक्ष शमुवेलबाबा."

"आणि सचिव?" घोरपडमावशींनी भगदाडातून विचारलं.

"तुम्हीच, मावशी. दुसरं कोण?"

सकाळी बाबा सातव्या रांगेत वाकले, तर समोर मुंगूसराव खुर्ची घेऊन उभे. "अध्यक्षांनी स्वतः विळा धरायचा? लोक काय म्हणतील?"

बाबा ताठ झाले. "अरे, पण मग कापणार कोण?"

"ते बैठकीत ठरेल."

चाफ्याखाली बैठक बसली. गवत पूर्वेकडून कापावं की पश्चिमेकडून, यावर पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं इतिवृत्त वाचलं. घोरपडमावशींनी त्यात एक शब्द सोडला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते मंजूर करायचं होतं. मुंगूसराव बोलायला उभे राहिले, अध्यक्ष घोरायला लागले आणि तिकडे रूथआजींच्या दगडावर पहिलं अंडं तडकलं.

दुपारपर्यंत चारही पिल्लं काडीसारख्या पायांवर धावत सातव्या रांगेच्या गवतात शिरली. टिटवी पुन्हा मोठ्याने ओरडायला लागली. या वेळी आनंदाने, पण ते कोणाला कळलं नाही.

आता पहिल्या सहा रांगांतही तेरडा उगवलाय. दगडफुलाला मात्र वेळ लागेल, ते फार सावकाश वाढतं. बैठक रोज असते. संध्याकाळी फाटक लावायच्या आधी बाबा तिसऱ्या रांगेत थांबतात, शाल नीट करतात आणि म्हणतात, "कामाचा फार व्याप आहे गं, मार्था."

तात्पर्य: आळशी माणसाचा सत्कार करू नये. चुकून झालाच आणि तो कामाला लागलाच, तर त्याला ताबडतोब अध्यक्ष करावं.