कांबळेकाकांचा बाजार

संध्याकाळी रेडिओवर बाजारभावाचा कार्यक्रम लागला की आमचे शेजारी कांबळेकाका खाली बसत नसत. ट्रान्झिस्टर कानाला लावून दारापासून समोरच्या कडुलिंबापर्यंत, लिंबापासून दारापर्यंत चकरा. मध्ये कुणी बोललं की ओरडत, "गप ऱ्हा! बाजार हललाय!"

गंमत म्हणजे काकांना ना शेत, ना दुकान. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कलेक्टर कचेरीत मी कारकून, ते शिपाई. पण तूर चढली की सगळ्यांना चहा पाजत. एकदा करडईचा भाव उतरला, तेव्हा फाईल ठेवताना साहेबांना हळूच म्हणाले, "साहेब, करडई नरम हाय." साहेब पुण्याचे. म्हणाले, "वा, मग भाजी छान होईल." काका दोन दिवस साहेबांशी बोलले नाहीत.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. टँकर आठ-आठ दिवस यायचा नाही. काकांच्या बायकोचे, मुक्ताकाकूंचे गुडघे गेलेले, घागर उचलवेना. शेवटी लेक त्यांना नांदेडला घेऊन गेली. बस सुटेपर्यंत काका खिडकीशी म्हणत होते, "जा, जा. मला निवांत रेडिओ ऐकता यील."

निवांत कसलं! चकरा दुप्पट झाल्या. शिवाय दर आठवड्याला त्या कार्यक्रमाला एक पोस्टकार्ड. मी डोकावलो की झाकत. "अर्थव्यवस्थेचा सवाल हाय. तुमच्या डोक्यावरून जाईल."

एका संध्याकाळी निवेदिका श्रोत्यांची पत्रं वाचू लागली, तसा काकांनी आवाज गल्लीभर मोठा केला. "लातूरचे कांबळे विचारतात, तुम्ही तुरीचा भाव सांगता, सोन्याचा सांगता, मग घागरभर पाण्याचा का सांगत नाही? आमच्या गल्लीत तेही विकत घ्यावं लागतं."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. काकांनी पुढाऱ्यासारखा हात वर केला. तेवढ्यात निवेदिका पुढं वाचू लागली, "ता. क. नांदेडला आमची मंडळी ऐकत असल्यास कळावे, की घरात करमत नाही."

कुणीच हसलं नाही. काका भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "त्ये वाचायचं नव्हतं," म्हणाले. "खाली लई बारीक लिवलं हुतं."

दुसऱ्या दिवसापासून ते कचेरी सुटली की एसटी स्टँडवर जाऊ लागले. विचारलं तर म्हणत, "सहजच." चौथ्या दिवशी मीही सोबत गेलो. नांदेडची गाडी लागली आणि मुक्ताकाकू एकेक पायरी उतरल्या.

"कशाला आलीस?" काका म्हणाले. "पाणी न्हाई अजून."

"साऱ्या मुलखाला सांगितलं," काकू म्हणाल्या, "मला तोंडानं सांगाया काय झालं हुतं?"

काकांनी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि मोकळा हात पुढं केला. भर स्टँडवर, चारचौघांत, काकूंनी तो धरला.